नोकरी सांभाळून संगणक-शिक्षण

लोणावळ्याच्या बाजारपेठेंतून, किंवा कामशेत, वडगांव, तळेगांव यांपैकीं कोणत्याहि गांवच्या स्टेशनरस्त्यानें थोडें चालून गेलें, तर ‘कॉम्प्युटर क्लासेस’ अशी पाटी दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहीं. एका पाटीवर दोन-तीन महिन्यांत संगणक-साक्षर करण्याचें अभिवचन असतें. दुसरीवर टॅली व जी. एस. टी., तिसरीवर मराठी-इंग्रजी टायपिंग. आणि अलीकडे एखाद्या पाटीवर आठवड्याभरांत कृत्रिम बुद्धिमत्तेंत पारंगत करून सोडण्याची ग्वाहीहि झळकूं लागली आहे. सकाळच्या लोकलसाठीं धावणारा कारकून, चिक्कीच्या दुकानांत हिशेब लिहिणारा गृहस्थ, पतसंस्थेंत नोकरी करणारी सून, या सर्वांना ह्या पाट्या रोज दिसतात, आणि आपणहि यांतलें कांहीं शिकून घ्यावें असें त्यांच्या मनांत येतें. हें मनांत येणें योग्यच आहे. परंतु पुढें काय शिकावें याचा निर्णय पुष्कळदां शिकणारा करीत नाहीं, पाटीच करते. जो क्लास घराजवळ, किंवा ज्या क्लासांत शेजाऱ्यांचा मुलगा गेला, तोच आपला, असा हा हिशेब असतो. दिवसाचे दहा-बारा तास नोकरींत व प्रवासांत घालविणाऱ्या माणसास ही चैन परवडण्यासारखी नाहीं. कारण त्याच्याजवळ पैशाची असेल त्याहून वेळाची चणचण अधिक असते.

ज्यांनीं जुन्या पद्धतीनें एखादा संस्कृत शास्त्रग्रंथ वाचला असेल, त्यांस अनुबंधचतुष्टय हा शब्द परिचयाचा असेल. ग्रंथास हात घालण्यापूर्वीं चार गोष्टींचा खुलासा व्हावा असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक होता. हा ग्रंथ कोणासाठीं, म्हणजे अधिकारी कोण. त्यांत सांगितलें काय आहे, म्हणजे विषय. ग्रंथाचा व विषयाचा परस्परांशीं संबंध कोणता. आणि वाचून मिळावयाचें काय, म्हणजे प्रयोजन. तीस-बत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविल्यामुळें प्रत्येक गोष्ट याच मापानें मोजण्याची मला खोड लागली आहे. वाचकांनीं ती सांभाळून घ्यावी. तथापि क्लासाचें माहितीपत्रक हातीं आलें असतां हे चार प्रश्न फार उपयोगीं पडतात, असा माझा अनुभव आहे. मात्र त्यांतील प्रयोजनाचा प्रश्न शेवटीं नव्हे, सर्वांआधीं विचारावा.

प्रयोजनें तीन प्रकारचीं दिसतात. पहिलें, कोणी तरी प्रमाणपत्र मागतें म्हणून शिकावयाचें. महाराष्ट्र सरकारच्या सेवेंत शिरूं इच्छिणाऱ्यास संगणकाचें किमान ज्ञान असल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन या संस्थेचा २००१ सालीं निघालेला एम. एस. सी. आय. टी. हा अभ्यासक्रम सर्वांच्या तोंडीं झाला आहे. त्याच कामीं केंद्र सरकारच्या नाईलिट या संस्थेची सी. सी. सी. ही परीक्षाहि धरली जाते. ही संस्था २०११ पूर्वीं डोएक या नांवानें ओळखली जात असे, व जुन्या कागदांत तेंच नांव आढळतें. परंतु लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठीं एवढ्यानें भागत नाहीं. तेथें मराठीचे मिनिटास ३० शब्द किंवा इंग्रजीचे मिनिटास ४० शब्द या गतीचें सरकारी टंकलेखन-प्रमाणपत्र लागतें. ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, आणि तिचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. टंकलेखकाच्या जागेवर डोळा ठेवून भलताच कोर्स करून बसलेले तरुण मीं पाहिले आहेत. यासाठीं प्रमाणपत्र हेंच प्रयोजन असेल, तर नोकरीची जाहिरात किंवा खात्याचा आदेश आधीं अक्षरशः वाचावा, आणि मग क्लासाच्या पायऱ्या चढाव्या. तेथें विद्येचा फार मोठा विचार करीत बसूं नये. जें मागितलें आहे तेंच, लागेल तेवढ्या वेळांत, उरकून घ्यावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

दुसरें प्रयोजन म्हणजे आज हातीं असलेलें काम अधिक नीट व अधिक लवकर व्हावें. आमच्या मावळांतील बहुतेक नोकरदारांचें खरें प्रयोजन हेंच असतें असें मला वाटतें; परंतु त्याला भपका नसल्यामुळें तें त्यांचें त्यांना ओळखूं येत नाहीं. लोणावळ्यांत प्रवाशांच्या येण्याजाण्यावर चालणारीं हॉटेलें व दुकानें पुष्कळ. तेथल्या हिशेबनिसाची रोजची अडचण काय असते? खोल्यांची नोंद एका वहींत, भटारखान्याचा खर्च दुसऱ्या वहींत, वाण्याचीं बिलें तिसऱ्या फाईलींत. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यामुळें या सर्वांचा मेळ ठराविक तारखेच्या आंत घालावयाचा. ह्या माणसानें ‘संगणकाचा परिचय’ हा धडा पहिल्यापासून गिरविण्यांत अर्थ नाहीं. त्याला एक्सेलमधल्या पांच-सहा गोष्टी हव्या आहेत: यादी क्रमानें लावणें, हव्या त्या नोंदी गाळून वेगळ्या काढणें, दोन तक्त्यांचा मेळ घालणें, महिनावार गोषवारा काढणें. नेटक्या शिक्षकाजवळ हें चार-सहा रविवारांत होण्यासारखें आहे. टॅली हवी असेल तर क्लासांत २०२० च्या नोव्हेंबरांत निघालेलें टॅलीप्राइम शिकवितात कीं त्यापूर्वींची आवृत्ति, आणि आपल्या दुकानांत कोणती चालते, हें दोन्ही ठिकाणीं विचारून घ्यावें.

अशा माणसास मी एक युक्ति सुचवितों. चौकशीला जातांना आपल्या कामांतील एक खरा कागद, मालकांची परवानगी घेऊन व त्यावरील नांवें झांकून, बरोबर न्यावा. आणि शिक्षकास विचारावें, ‘हा कागद माझा मला तयार करतां येण्यास आपल्या कोर्साचा कितवा आठवडा उजाडावा लागेल?’ ज्याला विषय येतो, तो कागद पाहतांच बोलूं लागतो. ज्याला माहितीपत्रक पाठ आहे, तो माहितीपत्रकच पुन्हां वाचून दाखवितो. कामापाशीं उभें राहून शिकण्याची ही रीति आमच्याकडे नवी नाहीं. १९०८ सालीं लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणींतून तळेगांवास पैसा फंडाचा कांच-कारखाना निघाला, तेव्हां माल काढणें व माणसें तयार करणें हीं दोन्ही कामें तेथें एकाच छपराखालीं होत असत.

तिसरें प्रयोजन उद्योग पालटण्याचें. तळेगांवच्या औद्योगिक वसाहतींत जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला आणि २०२० च्या डिसेंबरांत तेथील उत्पादन थांबलें. पुढें २०२३ सालीं तो घेण्याचा करार ह्युंदाईनें केला. बारा वर्षें म्हणजे कांहीं मोठा काळ नव्हे. पंचविशींत कामास लागलेला गृहस्थ सदतिसाव्या वर्षीं, मुलें शाळेंत असतां, पुन्हां अर्ज लिहूं लागतो. हें उदाहरण डोळ्यांसमोर असल्यामुळें घराघरांत दुसऱ्या एखाद्या विद्येची चिंता वाटते, व ती यथार्थ आहे. परंतु दोन महिन्यांच्या कोर्सानें उद्योग पालटत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. प्रोग्रॅमिंग, किंवा माहितीचें पृथक्करण करून त्यावरून निष्कर्ष काढणें, हीं वर्ष-दोन वर्षांच्या तपश्चर्येचीं कामें आहेत. लहान कोर्साचा येथें उपयोग एवढाच कीं, ही विद्या आपल्या प्रकृतीस मानवते कीं नाहीं याची परीक्षा थोडक्या खर्चांत होते. आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं २००३ सालीं आरंभिलेल्या एन. पी. टी. ई. एल. या उपक्रमाचे चार, आठ व बारा आठवड्यांचे पाठ आतां केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावरून घरबसल्या विनामूल्य ऐकतां येतात. प्रमाणपत्र हवें असेल तर तेवढें शुल्क भरून केंद्रावर परीक्षेस बसावें लागतें. पाठ बहुतांशीं इंग्रजींत आहेत, व दर आठवड्याचा गृहपाठ ठराविक दिवशीं द्यावा लागतो. असा एक चार आठवड्यांचा पाठ पुरा करावा. आणि पांचव्या आठवड्यांत चुकल्याचुकल्यासारखें वाटूं लागलें, तर मोठ्या कोर्साचा विचार खुशाल करावा. नोकरी चालू असतांनाच ही चाचणी घेऊन ठेवणें बरें. नोकरी गेल्यावर माणूस शिकतो खरा, पण निवड करण्याइतकें स्वास्थ्य त्याच्यापाशीं उरत नाहीं.

आतां अधिकारी कोण? शास्त्रकारांनीं येथें बुद्धि, चित्तशुद्धि, वैराग्य यांचा विचार केला. नोकरदाराच्या बाबतींत वेळ ही पहिली पात्रता धरली पाहिजे. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतचें अंतर सुमारें ६४ किलोमीटर. सर्व स्थानकें घेत जाणाऱ्या लोकलला दीड तासाच्या आसपास लागतो. कामशेतला राहून शिवाजीनगरला नोकरी करणाऱ्यास एका बाजूचा तासभर गाडींत, शिवाय स्टेशनावर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. सकाळीं आठाला निघालेला हा माणूस रात्रीं आठाच्या आंत घरीं टेकत नाहीं. त्यानें रोज दोन तासांचा वर्ग लावला तर पहिला आठवडा उत्साहांत जातो, दुसरा जांभया देण्यांत, आणि तिसऱ्या आठवड्यांत क्लास सुटतो व भरलेले पैसे तेवढे मागें राहतात. त्याचा खरा हिशेब असा मांडावा: आठवड्यांतले पांच दिवस चाळीस मिनिटें व रविवारीं तीन तास, एकूण सहा तास वीस मिनिटें. सी. सी. सी. चा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे; म्हणजे तेरा आठवडे झाले. गणपति, एखादें लग्नकार्य किंवा मार्चअखेर यांपैकीं कांहीं तरी मध्यें यावयाचेंच. तें धरलें कीं चार महिने. हें आधींच ठाऊक असलें म्हणजे दुसऱ्या महिन्यांत आपण मागें पडलों असें वाटत नाहीं.

या ८० तासांची वांटणीहि पाहण्यासारखी आहे. त्यांत २५ तास व्याख्यानाचे, ५ तास शंकासमाधानाचे आणि ५० तास यंत्रावर प्रत्यक्ष कामाचे धरले आहेत. म्हणजे ऐकण्याच्या दुप्पट करावयाचें. कोणत्याहि क्लासास हाच प्रश्न विचारावा, कीं यंत्र माझ्या हातीं किती तास राहील, आणि एका यंत्रावर किती जण बसतील? दोघांनीं मिळून एक यंत्र वापरलें म्हणजे एकजण शिकतो व दुसरा मान डोलावतो. वेदांतांत श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. श्रवण लोकलमध्यें कानांत यंत्र घालून होईल, मनन स्टेशनावरून चालत घरीं येतांना होईल. परंतु तिसरी पायरी यंत्रासमोर मांडी घातल्यावांचून साधावयाची नाहीं. ‘मोबाईलवर सगळें येतें’ असें जें घरांतील मुलें सांगतात, तें पाहण्यापुरतें खरें आहे, हात वळण्यापुरतें नव्हे.

ज्यांच्या घरीं एखादा संगणक आहे, मग तो जुना का असेना, त्यांनीं मुंबईच्या आय. आय. टी. चे ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नांवाचे पाठ अवश्य पाहावे. दहा-दहा मिनिटांचे हे पाठ विनामूल्य असून त्यांतले कित्येक मराठींतूनहि ऐकावयास मिळतात. पडद्याच्या अर्ध्या भागांत पाठ चालतो, उरलेल्या अर्ध्यांत आपण तीच कृति करावयाची. जमली नाहीं तर पाठ थांबवून पुन्हां करावयाची. त्यांतील लिब्रेऑफिस हीं साधनेंहि फुकट मिळतात, आणि त्यांतलें कॅल्क ज्याला येतें त्याला एक्सेल परकें वाटत नाहीं. रात्रीं जेवणानंतरच्या चाळीस मिनिटांत असे दोन पाठ सावकाश बसतात. मला तर ही योजना नोकरदारांसाठींच आंखल्यासारखी वाटते. मात्र विचारणारें कोणी नसतें, आणि कांहीं माणसांना कोणी विचारल्याशिवाय अभ्यास होत नाहीं. त्यांनीं क्लासच लावावा, व त्याची फी हें त्या विचारण्याचें मोल समजावें.

मराठी टायपिंगविषयीं थोडें विषयांतर करूं द्यावें. आपल्या लिप्यांसाठीं सरकारनें जो इन्स्क्रिप्ट नांवाचा कळफलक ठरवून १९९१ सालीं भारतीय मानकांत घातला, त्याची मांडणी पाहून मला परमानंद झाला. डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें. मधल्या ओळींत प, क, त, च, ट हे कठोर वर्ण. बरोबर त्यांच्या वरच्या ओळींत ब, ग, द, ज, ड हे त्यांचे मृदु भाऊ. आणि शिफ्टची कळ दाबली कीं प्रत्येकाचा महाप्राण हजर! डावीकडे ऱ्हस्व वेलांटीच्या वर दीर्घ वेलांटी, ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार. ज्या घरांत मुलांकडून वर्णमाला घोकून घेतली आहे, तेथें हा फलक पाठ होण्यास आठवडा पुरे. परंतु सरकारी परीक्षा द्यावयाची असेल तर तेथें कोणता फलक चालतो हें आधीं विचारावें, कारण जुन्या टंकयंत्राच्या धर्तीची मांडणी निराळी असते व बोटांना एकदां लागलेलें वळण मोडणें कठीण. त्याचप्रमाणें मजकूर युनिकोडमध्यें लिहावयास शिकवितात कीं नाहीं हेंहि पाहावें. जुन्या ठशांत लिहिलेलें पत्र दुसऱ्याच्या यंत्रावर उघडलें असतां नुसतीं चिन्हें दिसतात, हा अनुभव आपल्यापैकीं अनेकांस असेल.

आतां कोणत्याहि माहितीपत्रकांत ज्याचा उल्लेख नसतो अशा एका गोष्टीकडे वळूं. कोर्स एकाच्या नांवावर असतो, पण त्याचे तास सबंध घराच्या पदरांतून येतात. मुलगा कचेरींतून येऊन यंत्रापुढें बसला, तर ‘अभ्यास करतो आहे, आवाज करूं नका’ असें घर आपोआप कुजबुजूं लागतें. सून बसली, तर ‘आज भाजी कोण चिरणार?’ हा प्रश्न मोठ्यानें निघतो. वडगांवच्या एका परिचित घरांत अकरा माणसें आहेत, व थोरली सून पतसंस्थेंत नोकरीस आहे. तेथील कारभार नव्या संगणक-प्रणालीवर गेला, आणि ज्यांना तें काम येईल त्यांचाच बढतीसाठीं विचार होईल असें तिला कळलें. वर्ग मिळत होता तो रविवारीं सकाळीं. आणि रविवार म्हणजे त्या घरीं साग्रसंगीत स्वयंपाकाचा दिवस. तिनें भीत भीत सासूबाईंपाशीं गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, “अगं, मग रविवारीं एवढा घाट हवाच कशाला? तूं तुझी जा. मी आणि धाकटी मिळून वरणभात-पोळी करूं. गोडाधोडाचें दिवाळींत पाहूं. मात्र शिकलीस कीं माझ्या पेन्शनचें तेवढें फोनवर बघायला मला शिकव.” सून म्हणाली, “तें आजच शिकवतें, आई.” सासरे कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं सोमवारपासून संध्याकाळचा चहा स्वतः करावयास आरंभ केला, आणि त्या घरांत कोर्सापेक्षां या चहाचीच चर्चा अधिक झाली.

असें सर्वत्र होईल असें नाहीं. पण कोणते तास, किती महिने, आणि त्या तासांतलें घरचें काम कोणाकडे, हें पैसे भरण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांसमक्ष ठरून जावें. मागाहून रोज थोडें थोडें मागत बसणें शिकणाऱ्यास व घरास दोघांनाहि जाचक होतें. चाळिशी उलटलेल्यांस सोळा वर्षांच्या मुलांशेजारीं बसण्याचा संकोच वाटतो. त्यांनीं नोकरदारांची वेगळी तुकडी आहे का हें विचारावें. नसली तर आपल्यासारखे चार-पांच जण जमवून गेल्यास क्लासचालक ती आनंदानें काढतात.

पैशाच्या बाबतींत एकच इशारा द्यावयाचा आहे. ‘नोकरीची हमी, आणि फी सुलभ हप्त्यांत’ असें जेथें लिहिलेलें असेल, तेथें ते हप्ते क्लासाचे आहेत कीं कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीचे, हें सही करण्यापूर्वीं वाचून पाहावें. कंपनीचें कर्ज असेल तर क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाहीं. हमीच्या बाबतींत गेल्या वर्षीं नोकरी लागलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशीं प्रत्यक्ष बोलूं द्या असें म्हणावें, व येणाऱ्या उत्तरावरून काय तें समजावें. आणि सर्व कांहीं पसंत पडलें तरी, ‘एक दिवस मला वर्गांत नुसतें बसूं द्या’ अशी विनंती करावी. यासाठीं शनिवारची संध्याकाळ बरी. वर्ग भरलेला असतो, किती यंत्रें चालू आहेत तें मोजतां येतें, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिक्षक कसे पाहतात, तेंहि तेथेंच दिसतें.